होडी बुडवायला सहा माणसं

बेंबळीतल्या पंक्चरवाल्या खाजाभाईंना तुम्ही ओळखत नसाल, तर हे ऐका. माझी ती हवा भरायची कयाक आहे ना, पायडल मारून चालवायची होडी, ती तासाभरात मऊ पडायला लागली. रविवारी मेव्हणे येणार होते आणि मी फोनवर लई फुशारक्या मारून ठेवल्या होत्या. म्हणून होडी उचलून खाजाभाईंकडं नेली.

"साबणाचं पाणी लावून बघा," मी म्हटलं.

"साबण अंगाला लावा, सर. पंक्चर पाण्यात बुडवूनच कळतंय."

त्यांच्या टपात होडीचं नाकसुद्धा मावेना. मग तलावावर गेलो. खाजाभाईंनी तिथल्या चार माणसांना होडीत बसवलं. होडी बुडेना. आणखी दोघं चढले, तरी बुडेना. खाजाभाई काठावरून ओरडले, "समदे एका बाजूला सरका!" तशी ती कड पाण्याखाली गेली आणि व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले. नुसतं टोपण सैल होतं. होडी काठाला ओढून खाजाभाईंनी ते दोन बोटांनी आवळलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मलाच माझ्या शिक्षणाची शंका आली.

"चला, पहिली फेरी तुमची," मी म्हटलं.

खाजाभाई दोन पावलं मागं सरकले. "नको, सर."

"अहो, सहा माणसं बसली तरी बुडाली न्हाय. तुम्हीच बघितलं की!"

"व्हय, होडी बुडत न्हाय," खाजाभाई म्हणाले, "पण मी बुडतो."