एकोणसाठावं पान

…नाही हो, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे. एवढा मोठा कुलपांचा कारखाना, पण खुर्चीच्या पायाला पाचर मारायला कोणी रिकामं नाही. इकडं बसा, बाकावर, माझ्या टेबलाजवळ. साहेबांना अजून वीस मिनिटं तरी लागतील. आवाज येतोय ना आतून? तुमचाच अर्ज वाचतायत. घाबरू नका, ते सगळंच मोठ्यानं वाचतात — पत्र, बिल, औषधाची बाटली, सगळं. मनातल्या मनात वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणतात. आपल्याला बरं, दारामागून कळत राहतं काय चाललंय ते.

मी? मी इथली माणसांच्या खात्यातली. मध्ये दारावर ‘मनुष्यबळ विकास विभाग’ अशी नवी पाटी लागली, पण टेबल तेच आणि अडकणारा खणही तोच. कोण कधी कामाला लागलं, कोणाची रजा शिल्लक आहे, कोणाच्या सासूचं ऑपरेशन आहे, कोणाला साठावं कधी लागतंय — सगळं माझ्याकडे. बत्तीस वर्षं झाली. तुम्ही अर्जात लिहिलंय ना, की धंद्याचं नियोजन आणि मनुष्यबळ यांचा संबंध हा तुमचा आवडीचा विषय — हो, मी वाचलाय की, अर्ज पहिल्यांदा माझ्याच हातात येतात — तर तो संबंध आमच्याकडे कसा जुळला ते सांगते. पुस्तकात असतो त्यापेक्षा जरा वेडावाकडा जुळला.

साडेचार वर्षांपूर्वी साहेबांच्या मनानं घेतलं की कारखान्याचा पाच वर्षांचा आराखडा करायचा. एक सल्लागार ठेवले. माणूस चांगला, उगाच नावं कशाला ठेवू — पांढऱ्या फळ्यावर चार रंगांच्या पेनांनी चौकोन काढायचे, आणि चौकोनातून बाण. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, आपण कोण आहोत? साहेब म्हणाले, कुलूपवाले. तर सल्लागार म्हणाले, नाही, आपण विश्वास विकतो. साहेबांना ते इतकं आवडलं, इतकं आवडलं की आठवडाभर दिसेल त्याला थांबवून सांगत होते. गेटवरच्या पहारेकऱ्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, विकत असू साहेब, पण गेटचं कुलूप तीन दिवस अडकतंय तेवढं बघा. — हसा हसा, तेव्हा आम्हीही हसलो. पण खरं सांगू, मला ते सगळं पटत होतं हं. आपण कोण, आज कुठं आहोत, पाच वर्षांनी कुठं असायला हवं, आपल्याला काय चांगलं जमतं, काय जमत नाही — यात चुकीचं काय आहे? पोरीचं लग्न ठरवतानाही आपण हेच बघतो. शेवटी ठरलं काय, तर साधी कुलपं कमी करायची आणि तिजोरीची कुलपं दुप्पट. दोन नवी यंत्रं, एक नवी शेड.

तो आराखडा टाइप करायला माझ्याकडे आला. बासष्ट पानं. यंत्रांवर अकरा पानं. शेडवर नऊ, त्यात खिडक्या कोणत्या दिशेला ते पण. मी टाइप करतेय आणि वाट बघतेय, माणसं कधी येतात, माणसं कधी येतात. आली, अठ्ठावन्नाव्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत — ‘आवश्यकतेनुसार मनुष्यबळ उपलब्ध करून घेण्यात येईल.’ झालं. पुढच्या पानावर लगेच शेडचा रंग.

आता तुम्हाला वाटेल, या बाईला त्यात काय टोचलं? थांबा, तिजोरीचं कुलूप कसं असतं ते सांगते, म्हणजे कळेल. आत सात पितळी पात्या असतात. किल्ली फिरली की सातही एकदम उचलल्या गेल्या पाहिजेत, केसभर मागेपुढे झालं की कुलूप गेलं कामातून. पात्या यंत्र कापतं, पण त्या एकमेकींशी जुळवायच्या तर हातात कानस घेऊन घासायच्या, कान लावून ऐकायचं, परत घासायच्या. ते फिटर करतात. आमच्याकडे असे नऊ फिटर होते. त्यांतल्या सगळ्यात जुन्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कुलपाला कान लावून बसतात म्हणून. फिटर तयार व्हायला चार वर्षं लागतात, हे मला डॉक्टरांनीच कधीतरी सांगितलेलं. आणि नऊपैकी सहा जण तीन वर्षांच्या आत साठ पूर्ण करत होते, हे मला माझ्या जन्मतारखांच्या रजिस्टरनं सांगितलं. करा बेरीज. चौथ्या वर्षी नवी शेड, नवी यंत्रं, दुप्पट ऑर्डरी — आणि फिटर तीन.

मग मी एक पान जास्त घातलं. कोणाला न विचारता. बासष्टाची त्रेसष्ट झाली. अठ्ठावन्न झाल्यावर एकोणसाठ, आणि त्यावर नुसता तक्ता — पाच वर्षांत कोण कोण निवृत्त होणार, कोणत्या विभागातला, कोणत्या तारखेला, त्याचं काम शिकायला किती दिवस लागतात. एक्केचाळीस नावं. रात्री घरी सांगितलं, तर आमचे हे म्हणाले, नोकरी गेली समज. हे तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते, त्यांना वाटलं सोबत मिळेल.

संचालकांची बैठक त्या आतल्या खोलीतच होती. साहेब सवयीप्रमाणे सगळा आराखडा मोठ्यानं वाचत होते, मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला. एकोणसाठावं पान उलटलं आणि ते त्याच आवाजात नावं वाचायला लागले. पहिलं नाव, दुसरं नाव, तारीख, विभाग. सातव्या नावाला आवाज हळू झाला. डॉक्टरांचं नाव आलं तिथं थांबलेच. डॉक्टरांनी साहेबांना लहानपणी खांद्यावर बसवून कारखाना दाखवलेला, त्यामुळे ते साठ वर्षांचे होऊ शकतात हे साहेबांच्या ध्यानीमनीच नसावं.

म्हणाले, “हे पान कोणी घातलं?”

मी म्हटलं, “मी.”

“का?”

मला काही भाषण करता येत नाही हो. मी म्हटलं, “आधीच्या पानावर लिहिलंय, मनुष्यबळ उपलब्ध करून घेण्यात येईल. कोण करून घेणार ते लिहिलेलं नाही. म्हणून मला वाटलं, मीच असेन.”

सल्लागार म्हणाले, हा तपशिलाचा भाग आहे, अंमलबजावणीच्या वेळी बघता येईल. साहेबांनी पान परत पहिल्यापासून वाचलं — एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं — आणि बैठक तिथंच थांबवून खाली फिटरांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. त्या खोलीत साहेब किती वर्षांनी येत होते देव जाणे, त्यांना दिव्याचं बटणही सापडेना. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, आणखी सहा माणसं तयार कराल का?

डॉक्टरांनी कुलपावरचा कान काढला आणि म्हणाले, “नाही.”

नाही म्हणजे नाहीच. आठ दिवस साहेब विनवत होते, पगार वाढवतो म्हणाले, मान देतो म्हणाले, पण म्हातारा ढिम्म. शेवटी मी गेले. मी त्यांना ओळखते ना, वर्षानुवर्षं त्यांच्या रजेचे अर्ज वाचलेत मी. म्हटलं, डॉक्टर, खरं काय ते सांगा. बराच वेळ कानस पुसत बसले. मग म्हणाले, “बाई, ज्या दिवशी मी शिकवून संपवीन, त्या दिवशी मला घरी पाठवतील. साठीपर्यंतही थांबणार नाहीत.” एवढंच होतं बघा. शेडच्या नऊ पानांत नव्हतं ते हे. मी साहेबांकडून लिहून घेतलं, सही-शिक्क्यानिशी — जो शिकवील त्याला तारखेआधी कमी करणार नाही, आणि तारखेनंतर आठवड्यातून दोन सकाळी शिकवायला बोलावू. तो कागद डॉक्टरांनी तीन वेळा वाचला, खिशात ठेवला, आणि विचारलं, शिकायला कोण आहे?

आता तीच तर खरी पंचाईत होती. चार वर्षं एका जागी बसून घासत राहणारी माणसं आणायची कुठून? बाहेर जाहिरात दिली, आले तेवढे पहिल्या महिन्यात पळाले. तेव्हा मी म्हटलं, आपल्या पॅकिंगमधल्या बायका बघा की. दहा-दहा वर्षं कुलपं हाताळतायत, आवाजावरून खराब माल बाजूला काढतात. डॉक्टर म्हणाले, कानस म्हणजे काय पोळपाट आहे का? मी म्हटलं, पोळपाट तरी तुम्हाला कुठं येतो. सहा जणी निवडल्या. त्यातली एक चष्मेवाली — घरी अंथरुणाला खिळलेला नवरा, दोन मुलं, बोलणं मोजून — तिनं पंधराव्या महिन्यात डॉक्टरांसमोर जुळवलेलं कुलूप ठेवलं. त्यांनी कान लावला. किल्ली फिरवली. परत कान लावला. आणि स्वतःची जुनी कानस तिच्या टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेले. चांगला अर्धा तास पाणी पीत होते.

म्हणजे आराखडा बदलला. शेड दीड वर्ष पुढं ढकलली, दोन यंत्रांचं एकच आलं. सल्लागार जरा रुसले. दुप्पट नाही झालं, खोटं कशाला बोलू — यंदा दीडपटीच्या थोडं वर आहे. पण एकही ऑर्डर परत गेली नाही, आणि त्या सहा जणींतल्या चार जणी आज पक्क्या फिटर आहेत. एक सोडून गेली. एकीला नाही जमलं, ती परत पॅकिंगला आहे, पण आता ती पॅकिंगवाल्यांना जरा जास्तच दटावते.

काय? यादीत मी? …बघा, तुम्हीही विचारलंत. हुशार आहात. ऐका, तुम्हाला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या लेकीएवढीच आहेस. नव्हतं माझं नाव त्या यादीत. साहेबांनी ते पान मोठं करून सूचनाफलकावर लावलं होतं, दोन वर्षं लोक येता-जाता बघत होते, कोणाला काही कळलं नाही. डॉक्टरांना कळलं. एक दिवस बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, बाई, तुमचा जन्म कोणत्या सालचा हो? मला इतका राग आला — काय सांगू — मी त्यांच्या रजेचा अर्ज दोन दिवस अडवून ठेवला.

विसरले नव्हते गं. स्वतःची तारीख कोण विसरतं? लिहायला हातच होईना. घरी जाऊन करू काय? तीन खोल्या, दोन माणसं, आणि आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्यात, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, आणि आत निघते डाळ. त्या माणसाबरोबर चोवीस तास. — चांगला आहे तो, तसं काही नाही. पण तरी.

शेवटी बेचाळिसावं नाव लिहिलं. माझ्या जागी कोण, याची जाहिरातही मीच लिहिली, तिला आठ महिने लागले. हो. माझ्याच जागी. तुला काय वाटलं, जागा वाढवलीय? महिन्याच्या शेवटच्या तारखेला मी मोकळी. आणि आता सांगितलंच आहे तर… गेल्या महिन्यात दोघं आले होते मुलाखतीला. याच बाकावर बसवलं मी त्यांना. एकाला सांगितलं, साहेब तापट आहेत, शाईची दौत फेकून मारतात. दुसरीला म्हटलं, तळमजल्यावर गॅस गळतो. दोघंही आत न जाताच गेले. दौत कुठली, साहेबांना कोणावर ओरडता येत नाही. गॅस तर आमच्याकडे नाहीच. डॉक्टर त्या दिवशी शिकवायला आले होते, त्यांनी जिन्यावरून सगळं ऐकलं. खाली येऊन एवढंच म्हणाले, “बाई, मला तो सही-शिक्क्याचा कागद आणून देणाऱ्या तुम्हीच ना?”

रात्रभर झोप नाही लागली मला.

उठतेस कुठं? बस. तुला मी एक तरी खोटं सांगितलं का? सकाळपासून एकही नाही. उलट तुझा अर्ज चाळिसांतून मीच वर काढला. आधीची नोकरी का सोडली, त्या रकान्यात सगळे लिहितात ‘अधिक चांगल्या संधीसाठी’, तू लिहिलंस, ‘साहेब माणसांची नावं लक्षात ठेवत नव्हते.’ ते वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

…वाचायचे थांबले बघ. बोलावतील आता. ते पहिल्यांदा विचारतील, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता. त्याचं उत्तर काहीही दे, ते ऐकत नाहीत. मग माझं ते जन्मतारखांचं रजिस्टर पुढं ठेवतील, पुढं कुठं अडचण येणार ते त्यातून तुला शोधायला सांगतील. घाई करू नकोस, सावकाश पानं उलट. आणि पगाराचं विचारलं तर लाजू नकोस, आकडा सांग. मी लाजले होते, बत्तीस वर्षं निस्तरलं. केस नीट कर. हं, घंटी वाजली. दार आत ढकलायचंय, ओढू नकोस. जा. अगं जा ना, माझ्याकडे काय बघत बसलीस — मला कामं आहेत.