सुपरहिरोची तारीख

ऐका गो बायांनो, बोईसरला होती माझी नात सायली आणि तिच्या कागदावर होता एक उडणारा सुपरहिरो. तिची चित्रकथा मासिकवाल्यांनी परत धाडली. खरी वाटत नाही, म्हणे. पोर जेवेना. मी म्हटलं, "वाच बघू."

माणसं वाचवताना हिरोनं पूल मोडला, दुष्टानं खटला भरला, हिरो कोर्टात चार वाक्यं बोलला आणि सुटला.

"उडतो ते मानलं गो," मी म्हटलं, "पण पयल्याच तारखेला निकाल? कोण मानील?"

"मग कसं असतं, आजी?"

मला पालघरचं कोर्ट आठवलं, तेच तिला सांगितलं. बोंबील सुकवायच्या जागेवरून शेजारच्या हिराबाईशी आमचा दावा होता. गावातून सकाळची रिक्षा एकच, म्हणून दोन्ही पक्ष मांडीला मांडी लावून जायचो. पुढची तारीख मिळाली की झाडाखाली एकाच डब्यातून जेवायचो. आमचे हे पहिला तुकडा हिराबाईला द्यायचे. "भांडण जागेचं हाय, पोटाचं नाय," म्हणायचे. आता दोघंही नाहीत.

सायलीनं हिरोला आणि दुष्टाला एकाच रिक्षात बसवलं. कथा छापून आली. आता मासिकवाले दर महिन्याला पुढचा भाग मागतात, आणि हिरोला अजून तारखाच पडतायत.