दत्तारामला नाव हवं होतं

मंडळी, कामं टाकून इतके जण आलात. दत्ताराम असता तर आधी या हॉलमधली फडफडणारी ट्यूब बदलली असती, मग बसला असता. बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही, राग येतोय म्हणून.

आत्ताच तिघांनी सांगितलं, दत्तारामला नावाची हाव नव्हती. पडद्यामागचा निरपेक्ष सेवक! कुणी सांगितलं तुम्हाला? त्याने? कधी?

मला तर उलटं सांगितलं होतं. आपल्या नाटकाचं हँडबिल छापून आलं तेव्हा, घाटकोपरच्या शाळेत, तालमीच्या वर्गात, ते वरपासून खालपर्यंत वाचून माझ्यापुढे धरलंन. "भाऊ, ह्यात माझा नाव खंय आसा?" मी म्हटलं, जागा नव्हती रे. त्याने खालच्या जाहिरातीवर बोट ठेवलं. "साडीच्या दुकानाक गावली, माका नाय?" मी हसलो. विनोदी आहे हो आपला लाइटवाला, असं सगळ्यांना सांगत सुटलो.

आपल्याकडे डिमर कुठे होता? घरून वहिनींच्या, त्याच्या बायकोच्या, लोणच्याच्या बरण्या आणून त्याने त्यांत मिठाचं पाणी भरलं, तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. पट्टी वर काढली की दिवा मंद. कारखान्यातली पाळी संपवून यायचा आणि विंगेत त्या बरण्यांपाशी उकिडवा बसायचा. नटांना सांगायचा, उजेड डोळ्यांनी शोधू नका, गालाने शोधा. गाल तापला की थांबा.

शेवटच्या प्रवेशात आई मरते. मी दिग्दर्शक, मी म्हटलं, एकदम काळोख कर. तो म्हणाला, "माणूस असो एकदम जाता काय रे?" आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड त्याने इतका हळू काढून घेतला, की तो कधी गेला ते लोकांना कळलंच नाही. स्वतः मात्र एकदम गेला.

स्पर्धेच्या अर्जात प्रकाशयोजनेचा रकाना होता. तो मी भरला. माझं नाव घातलं. चुकून नाही, सवयीने! आपल्या संस्थेत योजना आम्ही बँकेतले साहेब करतो, तारा दत्ताराम जोडतो. काय होती हो माझी योजना? मी तर काळोख मागत होतो!

प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालं. मी वर जाऊन घेतलं. विंगेत तो टाळ्या वाजवत होता. आणि तुम्ही? इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक तरी उठला? एकाने तरी विचारलं?

वहिनी, तुम्हीही तेव्हा समोर बसला होतात. हे ते प्रमाणपत्र. चार वर्षं माझ्या भिंतीवर होतं. देतोय असं म्हणत नाही. ज्याची वस्तू त्याला कुणी देत नसतं, चोर परत करतो.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू. आणि नंतर जिना उतरताना, त्याला नाव नको होतं, असं कुणी म्हणू नका. मी ऐकून घेणार नाही.

दत्ताराम, नमस्कार घे. माफी मागत नाही रे. ती मागायची, तर तू होतास तेव्हा मागायची होती.