मिशनचा कीबोर्ड आणि एकशे दहाचा डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड मार्क उजागरे साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पंच, आज चर्चच्या वादकपदावरून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू एलिया भिंगारदिवे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी सिल्व्हियाकाकू, गायनवृंदातल्या भगिनी आणि बंधू, आणि कामधंदा सोडून या उकाड्यात जमलेले माझे नगरकर, सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

सॅम, माईक जरा खाली कर. हां, बास.

आधीच्या वक्त्यांनी सरांचं भरभरून कौतुक केलं. सर खाली मान घालून बसलेत. तुम्हाला वाटत असेल, किती विनम्र माणूस! विनम्र आहेतच, पण आज मान खाली असण्याचं कारण वेगळं आहे. आज सकाळी सरांनी माझ्यावर एक काम सोपवलं. एक गोष्ट या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, ते स्वतः हजर असताना सांगायची. ती ज्यांच्याबद्दल आहे ते गृहस्थ इथेच बसलेत आणि त्यांना यातलं काहीही माहीत नाही. तेव्हा माझा आवाज कापला तर सांभाळून घ्या. मी नेवाशाची आहे, एरवी माझा आवाज कापत नाही, समोरच्याचा कापतो.

मी सरांना काका म्हणते, तसंच म्हणू द्या. सावेडीत आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे काय, दोन खोल्या आणि तीन माणसं: मी, सॅम आणि काका. आमचं काम लोकांना पटकन कळत नाही. माझ्या आईला अजून वाटतं मी मोबाईल दुरुस्त करते. तर आम्ही जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं, सिंथेसायझर, उघडतो. पोटातला एकेक भाग मोजतो. आवाज कसा तयार होतो ते गणितात मांडतो, आणि लॅपटॉपवर तेच वाद्य वाजेल असं सॉफ्टवेअर लिहितो. एका वाद्याला वर्ष लागतं. म्हणून वर्षात एकच वाद्य निवडायचं, आणि ती निवड चुकली तर वर्ष पाण्यात.

यंदा आमच्यापुढे दोन वाद्यं होती. एक जपानी. ऐंशीच्या दशकात प्रत्येक ऑर्केस्ट्रात असायचं ते. आणि दुसरं आपलं, या चर्चमधलं. अमेरिकन डॉक्टरबाई मायदेशी जाताना इथे ठेवून गेल्या, तो मिशनचा कीबोर्ड. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. जगात असे दोन-तीनशे नग निघाले असतील. सॅमचं मत जपानीला, कारण त्याला गिऱ्हाईक तयार आहे. माझं मत मिशनच्या कीबोर्डला. का, ते तुम्हाला सांगायला नको. इथे कितीतरी जणांची लग्नं त्याच्या सुरांवर लागली आहेत, कितीतरी जणांचे आईवडील त्याच्या सुरांवर मातीआड गेले आहेत. तो सूर लांबवला की शेवटी थरथरतो. अहो, मी हिंदू घरातली, मला एक ओवी येत नाही की उपासना संगीतातलं एक गीत येत नाही, पण तो सूर पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

एक मत इकडे, एक तिकडे. उरले काका. पस्तीस वर्षं ज्यांनी तो कीबोर्ड वाजवला, ते दुसऱ्या कशाला मत देतील? मी तर पेढे आणून ठेवले होते.

काका म्हणाले, "जपानी घ्या."

मी म्हटलं, "काय?"

"जपानी घ्या, धनश्री. आपला हाय तिथं बरा हाय."

माझं डोकंच सरकलं. मी काय काय बोलले ते या पवित्र वास्तूत सांगत नाही. म्हातारपणी हिंमत गेली का, एवढं तर नक्की बोलले. काकांनी चष्मा पुसला आणि सोल्डरिंग करत बसले. सॅमनं एक पेढा उचलला, मी त्याच्यावरही ओरडले.

मग तो कागद आला. आमची सॉफ्टवेअरं एक परदेशी कंपनी विकते. त्यांचा नियम असा, की कोणतंही वाद्य निवडलं तरी एक प्रतिज्ञापत्र द्यायचं: नमुना म्हणून वापरलेलं यंत्र मूळ अवस्थेत आहे, त्यात फेरफार नाही, आणि असल्यास कोणी, कधी, का केला. खाली तंत्रज्ञाची सही. आमचे तंत्रज्ञ काका. मी दोन्ही वाद्यांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. जपानीवर त्यांनी लगेच सही केली. मिशनच्या कीबोर्डचा कागद हातात घेतला, वाचला, परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "काका, निवडू किंवा न निवडू, सही करायला काय जातंय?"

ते उठले. दार लावून घेतलं. सूर मोजायला चर्चमधून आणून ठेवलेला कीबोर्ड उलटा केला, सोळा स्क्रू काढले आणि म्हणाले, "बघ."

मी पाहिलं. आत आवाज तयार करणाऱ्या, सर्किटच्या चार पट्ट्या असतात. दोन अमेरिकन होत्या, हिरव्या, छापील. उरलेल्या दोन हातानं केलेल्या होत्या. जुन्या रेडिओचे भाग, टेपरेकॉर्डरचे भाग, आणि सोल्डरचे टाके इतके बारीक की भिंग लावून बघावे लागले.

आता मंडळी, इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, चौऱ्याण्णव सालच्या कापणीच्या सणाला हा कीबोर्ड जळाला होता. तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेली हकीकत अशी, की मांडवाचं वायरिंग चुकलं, जादा करंट आला, धूर निघाला, आणि मग एलिया सरांनी अमेरिकेहून नवीन पट्ट्या मागवून तो दुरुस्त केला. हीच ना? अध्यक्ष महाराज मान हलवतायत. हीच.

अमेरिकेहून काहीही आलं नव्हतं. त्या पट्ट्या काकांनी स्वतः केल्या. चार महिने खपून, सर्किटचा नकाशा हाताशी नसताना, नुसत्या कानावर. तो थरथरणारा सूर, जो अमेरिकेची करामत म्हणून आपण एकतीस वर्षं मिरवला, तो भिंगारदिवे सरांचा आहे. मूळ वाद्यात तो नव्हताच. बाहेरून सूर मोजून काढलेल्या माझ्या आकड्यांचा, इंटरनेटवर मिळालेल्या मूळ नकाशाशी मेळ का बसत नव्हता आणि मी स्वतःला का शिव्या घालत होते, ते मला त्या मिनिटाला कळलं.

टाळ्या नको. थांबा. कृपा करून थांबा. मला अजून सांगायचंच आहे.

मी काकांना म्हटलं, "एवढी कारागिरी, आणि लपवली कशाला?" तर ते म्हणाले, "पट्ट्या मी केल्या म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं जळल्या कशा."

हा कीबोर्ड अमेरिकन आहे. त्याला एकशे दहा व्होल्ट लागतात. आपल्या भिंतीत दोनशे तीस. म्हणून मध्ये एक डबा लावावा लागतो, दोनशे तीसचे एकशे दहा करणारा. तो डबा नेहमी चर्चच्या बाकाखाली असायचा. सणाच्या दिवशी मैदानात मांडव पडला. ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, कोंबड्या, सगळ्यांचा लिलाव चालू होता. काकांनी कीबोर्ड उचलून मांडवात आणला आणि डबा आणायचं विसरले. पिन थेट बोर्डात घातली.

धूर निघाला. लोक ओरडले, आणि सगळी गर्दी वळली ती वायरमनकडे. पंचवीस वर्षांचा पोरगा होता तो. बजरंग ठाणगे. त्याचे वडील आसाराम या चर्चचं वायरिंग वर्षानुवर्षं करायचे आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी काम पोराच्या हातात दिलं होतं.

बजरंगभाऊ, बसा. हात जोडते, बसा. पुरं होऊ द्या.

लोक बजरंगभाऊंना धरून बोलत होते, आणि काका चर्चमध्ये गेले. बाकाखालून डबा काढला, पदरात झाकावा तसा कोटात झाकून मांडवात आणला आणि कीबोर्डच्या पायाशी ठेवला. नंतर पंचांनी पाहिलं तेव्हा डबा जागेवर होता. म्हणजे चूक वायरिंगचीच. विसरणं हा अपघात होता, मंडळी. डबा आणून ठेवणं हा अपघात नव्हता. हे शब्द माझे नाहीत, काकांनी जसे सांगितले तसेच सांगतेय.

त्यानंतर ठाणग्यांच्या घराला चर्चचं काम मिळालं नाही. मग शाळेचं गेलं, मग गल्लीतलं. बजरंगभाऊंनी पक्कड खाली ठेवली आणि टेम्पोचं स्टिअरिंग धरलं. आजही एमआयडीसीत टेम्पोच चालवतात.

मी ऐकलं आणि काकांवर चिडले. आधी चिडले त्यापेक्षा फार वेगळं. मी म्हटलं, "जपानी निवडा म्हणता ते यासाठी? कीबोर्ड उघडायला लागू नये म्हणून?" ते म्हणाले, "व्हय." एवढंच. सत्तर वर्षांचा माणूस माझ्यासमोर रडला आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची मला लाज वाटते, पण तेव्हा नाही विचारलं.

जपानी निवडता आलं असतं. आजही येतं. उद्या दुपारपर्यंत आम्हाला कळवायचं आहे. जपानी म्हटलं की हे प्रकरण बाकाखालीच राहतं, काका हार-तुरे घेऊन निवृत्त होतात, सगळं गोड. मिशनचा म्हटलं की कागदावर लिहावं लागतं: फेरफार कोणी, कधी, का. सॅम, जो इतके दिवस जपानीसाठी भांडत होता, तोच म्हणाला, "ताई, आता जपानी घेतलं तर मला ते वाजवताच येणार न्हाई." मग काका म्हणाले, "मिशनचा घ्या. माझं मत बदललं. पण आधी बजरंगला सांगू दे."

तीन वेळा ते भिंगारला बजरंगभाऊंच्या घरी गेले. तिन्ही वेळा फाटकापासून परत. शेवटी आमंत्रण द्यायला मी गेले. बजरंगभाऊ टेम्पो धूत होते. म्हणाले, "एलिया सरांचा निरोप हाय व्हय? मग येतो की. लई चांगला मानूस." भाऊ, त्या दिवशी मला तुमच्या अंगणात उभं राहवेना. चहा न घेता निघाले म्हणून वहिनी रागावल्या असतील, त्यांना सांगा कारण हे होतं.

काका, तुम्ही मला सांगायला सांगितलंत, मी सांगितलं. सिल्व्हियाकाकूंनाही हे आजच कळलंय. त्या इथे येऊन बसल्या यातच सगळं आलं. तुम्ही मला सोल्डरिंग शिकवलंत, कान तयार केलात, चुकलेलं काम झाकायचं नाही हेही तुम्हीच शिकवलंत. मला तुमचा राग आहे आणि माझं तुमच्यावर प्रेम आहे. दोन्ही आहे. मी काय करू?

भाऊ उठलेत. वाट द्या त्यांना. भाऊ, तुम्हाला काही बोलायचं असेल तर… सॅम, माईक ने. नको? बरं, तिथूनच बोला.

मागे ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. बजरंगभाऊ म्हणतायत, "दुसऱ्या दिवशी मी टेस्टर घेऊन समदी वायर तपासली हुती. काईच चूक न्हवती. पन बापाला पटलं न्हाई. मरताना बी म्हनला, एकदा कबूल कर म्हंजी मी सुटलो. आन मी कबूल केलं. न केलेलं कबूल केलं."

…

काय म्हणालात, भाऊ? हो. हो, ऐकतेय.

भाऊ म्हणतायत, "तुमच्या त्या कागदावर लिवा. वायरिंग बरोबर हुतं."

लिहिते. पहिल्या ओळीत लिहिते. वायरमन बजरंग आसाराम ठाणगे, वायरिंग निर्दोष. परदेशातल्या लोकांना त्यातलं काही कळो न कळो, हा कागद सॉफ्टवेअरबरोबरच जातो, ते वाद्य जगात जिथे उघडेल तिथे ही ओळ आधी दिसेल. अध्यक्ष महाराज, चर्चच्या दप्तरातही ती यावी अशी या मंचावरून माझी विनंती आहे. आपण मान हलवलीत, सगळ्यांनी पाहिलंय.

आता आवरते. आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. या हॉलचे, पंचांचे, शांतपणे ऐकून घेतलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये असं कोणाला वाटत असेल, तर त्याचा दोष माझ्या पदरात टाका, काकांच्या नको. बोलण्यात उणं-अधिक झालं ते माझं मला माफ करा. काकांचं माफ करायचं की नाही, ते ठरवायला तुम्ही-आम्ही कोणी नाही.

काका, हार काढून ठेवा आणि उठा. भाऊ दारापाशी थांबलेत. फार वेळ थांबतील असं वाटत नाही.