तात्पुरतं बटण

...नाही, पण मला सांगा, एक बटण काढायचं त्यात असं काय मोठं? मलाही तसंच वाटलं होतं. तुम्हाला सांगतो, आमच्या प्रोग्राममध्ये अशी दोनशे तेरा बटणं आहेत, फीचर फ्लॅग म्हणतो आम्ही, तेवढाच रुबाब. नवी सोय केली की तिला एक बटण लावायचं, काही बिनसलं तर बंद करता यावं म्हणून, आणि आठवड्याभरात काढून टाकायचं. काढतंय कोण? विचारलं की लावणारा म्हणतो, "अरे, तात्पुरतं आहे ते." आणि नोकरी सोडून जातो.

साहेब मला म्हणाले, "जुनी बटणं काढ, मग आठवड्याची रजा घे." रजा कशाला, तर बायकोला माहेरी न्यायला. तीन वर्षं मी "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणतोय, आता ती माझ्याशी मुलीमार्फत बोलते. "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." अहो, मी समोर बसलेलो असतो...

बरं, आमचा धंदा दवाखान्यांचे मेसेज पाठवायचा. पण प्रोग्राम स्वतः पाठवत नाही, तो निरोप्याला सांगतो, म्हणजे आतल्याच दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामला, आणि एसेमेस की ईमेल ते निरोप्या ठरवतो. तो निरोप्या पुढच्या प्रोग्रामरला पटला नाही, त्यानं त्याच्यावर दुसरा बसवला, तिसऱ्यानं तिसरा. "मग खालचा काढला का नाही?" "राहू दे रे, तात्पुरतं आहे." आज साधं "उद्या या" तीन हातांतून जातं, आणि मध्ये कोण काय करतं ते देव जाणे.

तर सगळ्यात खालच्या निरोप्याला एक बटण, चार वर्षांपासून बंद. नाव काय? 'तात्पुरतं बंद'. म्हटलं, हे बिनकामाचं, आणि काढलं. वरचे दोघे मेसेज परस्पर पाठवायचे, पण एक प्रत याच्याकडेही यायची, आणि यानं चार वर्षांचे मेसेज जपून ठेवले होते हो. मोकळा झाल्याबरोबर त्यानं झाडून सगळे पाठवले. "उद्या सकाळी दहाला दात काढायला या."

आणि लोक गेले! दंतवैद्यांचा फोन, "अहो, जिन्यापर्यंत रांग लागलीय, आणि एक आजोबा कवळी हातात घेऊन भांडताहेत, म्हणतात बोलावलंय ना, मग काढा काहीतरी." ते आजोबा म्हणजे माझे सासरे.

साहेबांनी बटण परत लावलं. मग त्याला कुणी हात लावू नये म्हणून त्याच्यावर आणखी एक लावलं. झाली दोनशे चौदा. मी विचारलं, "हे कधी काढायचं?" तर म्हणाले, "तात्पुरतं आहे."

मी हळूच म्हटलं, "साहेब, माझी ती आठवड्याची रजा..."

"आठवडा कशाला? महिनाभर जा. लॅपटॉप इथंच ठेव."

घरी येऊन सांगितलं, महिन्याची रजा मिळाली. बायको तीन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली, "बघितलंत? साहेबांना किती किंमत आहे तुमची."

मी म्हटलं, "आहे ना."