पुढल्या वर्षी कुठलं तोडू?

मंडळी, ऐका. देवानं दिलेलं वापरायला देवाची हरकत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. मग संपवायला आहे की नाही? सांगा... बरं, मी गोष्ट सांगतो, उत्तर शेवटी तुम्ही द्या.

आमचं गाव कोकणातलं. गावाला देवराई, म्हणजे देवाचं राखीव रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही. रानात देऊळ, आणि देवळामागे बेहड्याचं झाड. चौघांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही!

माझी मावशी अंबूआक्का या देवळाच्या गुरवाची बायको. त्रेचाळीस वर्षं जत्रेचा प्रसाद तिच्या हातचा. घराघरातून लाकडाची एकेक मोळी यायची, चुलवण पेटायचं आणि त्या धुरात आक्का डाळ-भात शिजवायची. काय तो वास! आजही आठवला की भूक लागते. आक्काचे डोळे मात्र त्या धुरानं जत्रा सरली तरी कितीतरी दिवस लाल.

एका वर्षी मोळ्या आल्या किती? अकरा! भोवतालचे डोंगर उघडे पडले होते, लोक आणणार कुठून? गावाचे मानकरी भिकू दळवी म्हणाले, "देवाचं काम आहे, देवाचाच बेहडा तोडू. कौल लावा."

आक्का पुढे झाली. "भिकूदादा, पाच घरी शेणाच्या गॅसच्या टाक्या आहेत. घरोघरी टोप शिजवू. बेहड्याला हात नका लावू."

"शेणाच्या गॅसवर देवाचा प्रसाद? विटाळ होईल, आक्का."

"मग काल देवाचं अंगण कशानं सारवलंत?"

हसताय? दळवी नाही हसले. "ते वेगळं, हे वेगळं," म्हणाले.

कौल लागला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि देवाला विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आक्काचे यजमान धाकूकाका, त्यांनी गाऱ्हाणं घातलं — "महाराजा, तुझ्या कार्याला तुझं झाड तोडू का?"

पाकळी पडली... उजवी!

कुऱ्हाडी उचलल्या की हो लोकांनी! आक्काचा चेहरा उतरला. तरी ती नवऱ्याला म्हणाली, "थांबा. अजून एक विचारा. पुढल्या वर्षी कुठलं तोडू?"

काकांनी नव्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं. पाकळी हलेना. अर्धा तास गेला, तास गेला. उजवी नाही, डावी नाही. देव गप्प.

शेवटी दळवींनी कुऱ्हाड खाली ठेवली. "आक्का," म्हणाले, "टोप किती लागतील?"

पुढल्या जत्रेपर्यंत देवळाचीच टाकी झाली. मोळीऐवजी घराघरातून शेणाचं घमेलं येऊ लागलं. आक्काचे डोळे निवळले. खोटं कशाला बोलू, भाताचा तो वास गेला. आक्कासुद्धा म्हणायची, "धुराची सोबत होती रे इतकी वर्षं." मग बेहड्याकडे बघून म्हणायची, "पण हा आहे ना." आज आक्का नाही. बेहडा आहे. गावी गेलो की त्याच्याखाली बसतो, आणि तिची फार आठवण येते.

तर मंडळी, जमिनीच्या पोटातला कोळसा, डिझेल, ही मोळीच. जाळली की संपली. ऊन, वारा, शेण उद्या परत येतं. फरक एवढाच, पण तो कळायला आम्हाला भोवतालच्या डोंगरांवरचं अख्खं रान घालवावं लागलं.

आता आपलं बघा. दुपारचे चार वाजलेत, बाहेर लख्ख ऊन. आपण मांडवाला पडदे लावून आत बारा दिवे पेटवलेत आणि मागे जनरेटर धडधडतोय. गणपतराव, बंद करा तो. पडदे वर घ्या. माईक गेला? जाऊ द्या, जरा पुढे सरकून बसा.

येतंय ना ऐकू? मग आता सांगा. पुढल्या वर्षी कुठलं तोडू?