सालदार की ट्रॅक्टर

दर्यापूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर काका-पुतणी बोलत होते.

"काका, व्हिएतनामात इंग्रजी शिकवाले दोन शाळा बलावून राहिल्या मले. एक दर महिन्याले पगार देते, दुसरी तासावर पैसे."

"पगार म्हंजे सालदारकी, रागिणी, मालक सांगन ते काम सालभर. शिकवनं झालं का ढोरं धुवाले लावतीन."

"शाळेत ढोरं नसतात!"

"मंग पोट्टे धुवाले लावतीन."

"म्हंजे तासावर जाऊ?"

"आपलं ट्रॅक्टर तासावरच जाते. पन डिझेल कोनाचं?"

"मले काहून डिझेल लागन?"

"चहा तं लागते!"

"चहा शाळेचा."

"मंग तासावरच जाय. फक्त घाई करू नको. एपासून झेडपर्यंत सावकाश उभं नांगर."

"अन् झेड आला का?"

"मंग आडवं नांगर."